वाहते पाणी आणि भाताचा पिंड : बौद्ध प्रेतान्नदानाच्या काही वाचनांविषयी

मराठी वाचक 'पेतवत्थु' हा पाली ग्रंथ हाती घेतो तेव्हा त्याची अडचण शीर्षकापाशीच सुरू होते. मराठीत प्रेत म्हणजे शव. पदव्युत्तर वर्गात या ग्रंथाचा नुसता उल्लेख केला, तरी 'म्हणजे मढ्यांच्या गोष्टी का?' असा प्रश्न हमखास येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संस्कृतातील 'प्रेत' म्हणजे पुढे गेलेला, येथून निघालेला. धर्मशास्त्रात तो सपिंडीकरणापर्यंत प्रेत असतो आणि त्यानंतर पितरांत जमा होतो. मराठीने यातले देहापुरते तेवढे 'प्रेत' या शब्दाकडे ठेवले, भयाचा भाग 'भूत' या शब्दाकडे दिला आणि नात्याचा भाग 'पितर' या शब्दाकडे. पालीतील 'पेत' या शब्दात मात्र ही वाटणी झालेली नाही. 'पेत्तिविसय' हे प्रेतलोकाचे पाली नाव तर 'पितृ' या शब्दाकडेच बोट दाखवते. म्हणून पेतवत्थूमध्ये भिंतीबाहेर उभा असलेला भुकेला जीव एकाच वेळी भय वाटावे असा परका असतो आणि आपला आजाही असतो. मराठीत आणताना तीनपैकी कोणताही शब्द घेतला, तरी उरलेले दोन अर्थ हातातून निसटतात.

यात आणखी एक भेद आहे. ब्राह्मणी व्यवस्थेत प्रेतत्व ही प्रवासातली अवस्था आहे. विधी नीट झाले की ती संपते. बौद्ध विचारात प्रेतत्व ही गती आहे, म्हणजे एक संपूर्ण जन्मच. मृत मनुष्य तिथे वाटेवर थांबलेला नसतो. तो तिथे जन्मलेला असतो आणि आपल्या कर्माने तिथे राहत असतो. मग त्याला येथून घातलेला घास कसा पोचावा? ज्याने त्याने आपापल्या कर्माचे फळ भोगावे असे सांगणाऱ्या धम्मात दुसऱ्याने दिलेल्या अन्नाला स्थान कोणते? चीन, जपान, तिबेट, श्रीलंका, लाओस, कंबोडिया या सर्व देशांत प्रेतांना अन्न देण्याचे जे विधी वाढले, ते या प्रश्नाच्या पोटातून वाढले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्यांचा विचार आपल्याकडे सहसा दोन प्रकारे होतो. एक भेसळीचा सिद्धांत: मूळ उपदेश शुद्ध होता, लोकभ्रमांनी तो गढूळ केला. दुसरा देशीकरणाचा. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीनंतर हा शब्द मराठी समीक्षेत रुळला आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ उदार आहे. पण दोघांचेही एक गृहीत समान आहे. बाहेरून आलेली वस्तू आधीच पूर्ण घडलेली होती, असे दोघेही मानतात. ती तशी होती का, हे संहितेकडे जाऊन पाहिले पाहिजे.

संहिता म्हणजे मुख्यतः 'तिरोकुड्डसुत्त'. ते खुद्दकपाठात आहे आणि पेतवत्थूच्या पहिल्या वग्गातही आहे. थोड्याशा गाथांचे हे सुत्त निवेदनाच्या दृष्टीने विलक्षण आहे. मृत आप्त आपल्याच जुन्या घराच्या भिंतीपलीकडे, चव्हाट्यावर, दाराच्या चौकटीशी येऊन उभे आहेत. आत भरपूर अन्नपान मांडलेले आहे, पण त्यांची आठवण कोणालाच नाही. जिथे ते राहतात तिथे शेती नाही, गोपालन नाही, व्यापार नाही, सोन्याचा विनिमय नाही. येथून जे दिले जाईल त्यावरच त्यांचा निर्वाह. उत्पादन आणि बाजार या दोहोंनाही वंचित असलेल्या लोकाचे इतके कोरडे, जवळजवळ अर्थशास्त्रीय वर्णन प्राचीन भारतीय वाङ्मयात विरळाच आढळेल. पुढे दान संघाला द्यावे असे सांगितले आहे, आणि ते दान प्रेतांना कसे पोचते याचे उत्तर म्हणून एक उपमा येते. उंचावर पडलेले पावसाचे पाणी उताराने खाली जाते, भरलेले ओढे सागराला भरतात, तसे येथून दिलेले प्रेतांना पोचते.

येथे थांबावे लागते. उपमेने स्पष्टीकरणाची जागा घेतली आहे. अन्न भिक्षू खातो आणि भूक प्रेताची भागते; या दोहोंमधली यंत्रणा सुत्तात कोठेही सांगितलेली नाही. तिच्या जागी वाहते पाणी आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर अन्नदान हे उपमेय, जलप्रवाह हे उपमान, आणि साधारण धर्म 'पोचणे' हा. सिद्ध व्हायला हवा होता तो नेमका हा साधारण धर्मच, आणि तोच गृहीत धरला गेला आहे. पुढच्या शतकांतील टीकाकारांनी, वाद घालणाऱ्यांनी आणि विधी करणाऱ्या सामान्य माणसांनी जे केले, ते या मोकळ्या जागेचे वाचन होय.

ही जागा मोकळी आहे हे परंपरेला अगदी आरंभापासून ठाऊक होते. अंगुत्तरनिकायात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण बुद्धाला सरळच विचारतो, की आम्ही देतो ती श्राद्धे मृतांना खरोखर पोचतात काय? उत्तर मोठे सावध आहे. नरकात, तिर्यग्योनीत, मनुष्यांत वा देवांत जन्मलेल्यांना ती पोचत नाहीत, त्यांचे आहार वेगळे. प्रेतलोकात गेलेल्यांनाच पोचतात. पण इच्छित आप्त तिथे नसेल तर? दुसरे आप्त असतील. इतक्या दीर्घ संसारात आपले कोणीच तिथे नाही असे घडणे नाही. मिलिंदपञ्हात नागसेन ही चाळणी आणखी बारीक करतो: प्रेतांचे चार प्रकार, आणि त्यांपैकी परदत्तोपजीवी तेवढेच येथले दान घेऊ शकतात. कथावत्थु तर सरळ वादात उतरते. येथून दिलेल्यावर तिथले जगतात, हे विधान तिथे प्रतिपक्षाचे मत म्हणून येते, अट्ठकथा ते राजगिरिक आणि सिद्धत्थिक पंथांकडे सोपवते, आणि त्याचे खंडन केले जाते. गंमत अशी, की प्रतिपक्ष आपल्या बाजूने आधार देतो तो तिरोकुड्डातल्याच गाथांचा! म्हणजे एका प्रमाणग्रंथातील वचन शब्दशः खरे मानणे हे दुसऱ्या प्रमाणग्रंथात चुकीचे मत ठरते. ज्यांना 'मूळ शुद्ध रूप' हवे आहे, त्यांनी या दोहोंपैकी कोणते घ्यावे?

थेरवादी टीकापरंपरेने अखेर जो तोडगा काढला तो 'अनुमोदना'चा. प्रेताला अन्न जात नाही, पुण्यही जात नाही. आपल्या नावाने दान झाल्याचे त्याला कळते, तो त्यात आनंद मानतो, आणि तो आनंद हेच त्याचे स्वतःचे कुशल कर्म ठरते. कर्मसिद्धांत शाबूत राहिला. हा तोडगा बुद्धीला पटतो, पण कथेला तो पुरत नाही. धम्मपालाच्या अट्ठकथेत बिंबिसाराची गोष्ट आहे. राजा संघाला भोजन देतो पण ते कोणाला उद्देशून देत नाही. रात्री त्याचे पूर्वजन्मीचे आप्त प्रेतरूपाने आक्रोश करतात. दुसऱ्या दिवशी तो आप्तांच्या नावाने पाणी सोडतो, तर तिकडे कमळांनी भरलेली पुष्करिणी उत्पन्न होते. अन्न देतो, तर दिव्य अन्न. वस्त्र देतो, तर वस्त्रे. सिद्धांत अनुमोदनेपाशी थांबतो. कथेत मात्र पाण्याला पाणी आणि अन्नाला अन्न मिळते. श्रोत्याच्या मनात काय राहिले असेल, हे सांगायला नको.

पेतवत्थूतील खल्लाटिय पेतीची कथा मला या संदर्भात सर्वांत महत्त्वाची वाटते. समुद्रात वाट चुकलेल्या व्यापाऱ्यांना एका विमानात एक नग्न स्त्री दिसते. विमान आहे, वैभव आहे, अंगावर वस्त्र तेवढे नाही. ती लाजेने बाहेर येत नाही. व्यापारी आपले उत्तरीय पुढे करतात. ती सांगते, की हाताने हातात दिलेले मला लागू पडत नाही; तुमच्यात श्रद्धावान उपासक आहे, त्याला पांघरवा आणि त्याचे पुण्य मला द्या. तसे होताच ती वस्त्रांनी सजते. करुणेची पहिली, अगदी स्वाभाविक हालचाल, म्हणजे समोर उघड्या असलेल्या माणसाला कापड देण्याची, येथे निष्फळ ठरते. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा असल्यावाचून देणेच होत नाही. या एका नकाराभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो.

चीनमध्ये हा नकार फार जिव्हाळ्याच्या ठिकाणी नेऊन ठेवला गेला. 'युलानपेन' सूत्र तिसऱ्या शतकातील धर्मरक्षाच्या नावावर आहे. त्याची संस्कृत संहिता उपलब्ध नाही आणि ते चीनमध्येच रचले गेले असावे असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मौद्गल्यायन, म्हणजे चिनी मूलियेन, दिव्यदृष्टीने आईला प्रेतलोकात पाहतो आणि पात्रभर भात घेऊन जातो. ती एका हाताने पात्र झाकते, दुसऱ्याने घास उचलते, आणि तोंडापर्यंत पोचण्याआधी घासाचे निखारे होतात. पात्र झाकणारा तो हात निवेदनकाराला सुचला, एवढ्यासाठी तरी हे सूत्र वाचावे. आई प्रेत झाली ती कृपणतेमुळे, आणि भुकेतही तिची कृपणता सुटलेली नाही. त्यानंतर बुद्धाचा उपाय येतो: सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, वर्षावास संपताना, दाही दिशांच्या संघाला अन्न दे, सात पिढ्यांचे आईबाप मुक्त होतील. मार्ग तोच, तिसऱ्यामार्फत जाणारा. पेतवत्थूमध्येही पूर्वजन्मीच्या आईचा उद्धार आहे, पण तिथे पुत्र सारिपुत्त आहे, आणि एका आईपुरती ती गोष्ट संपते. चीनमध्ये तिला तिथीही मिळाली आणि वंशावळही. गृहत्याग केलेला भिक्षू आईबापांना विसरला, हा कन्फ्यूशियस परंपरेचा आक्षेप होता. त्याला या कथेने दिलेले उत्तर कोणत्याही शास्त्रार्थापेक्षा प्रभावी ठरले. स्टीव्हन टाइझर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात मध्ययुगीन चीनमधील या सणाची जी चिकित्सा केली, तिचा मध्यबिंदू हाच आहे.

त्याच चीनमध्ये आठव्या शतकात अमोघवज्राने अनुवादलेल्या ज्वालामुख प्रेताच्या धारणीसूत्राने मात्र दिशा पालटली. येथे आनंदासमोर तोंडातून ज्वाळा निघणारे प्रेत येते आणि सांगते, तीन दिवसांत तू मरशील आणि आमच्यात जन्मशील; वाचायचे असेल तर असंख्य प्रेतांना अन्न दे. हे प्रेत आनंदाचे कोणी नाही. आई नाही, आप्त नाही. बुद्ध त्याला धारणी देतो. तिच्या बळावर थोडे अन्न अगणित होते आणि सुईएवढा गळा मोकळा होतो. मध्यस्थाची जागा मंत्राने घेतली, आणि हाताने हातात न पोचणारे आता पोचू लागले. दोन सूत्रांमधला हा भेद आपल्याकडे फारसा लक्षात घेतला जात नाही. पहिले नात्याचे आहे, दुसरे परक्याचे. प्रत्यक्ष सणात दोन्ही एकमेकांत मिसळली, ताओ पंथाचा चुंगयुआन त्यांना येऊन मिळाला, आणि आज हाँगकाँगमध्ये वा पेनांगमध्ये सातव्या महिन्यात कागदाचा उग्र प्रेतराज उभा राहतो तो करुणामूर्ती अवलोकितेश्वराचेच रूप मानला जातो. हाँगकाँगच्या चिउचाउ समाजाच्या या उत्सवाचा समावेश २०११ मध्ये चीनच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाला. उत्सवात ठेवलेला तांदूळ नंतर वृद्धांना आणि गरजूंना वाटतात. प्रेतांच्या निमित्ताने का होईना, जिवंतांचे पोट भरते.

जपानविषयी थोडकेच लिहितो, कारण ओबोनचे वर्णन सर्वत्र मिळते. तिथे या दोन सूत्रांमधला भेद घरातल्या मांडणीतच उतरला. पूर्वजांसाठी सजवलेल्या फळीपासून थोडे दूर वा खाली 'मुएनबोतोके' यांच्यासाठी वेगळे अन्न ठेवतात. म्हणजे ज्यांचे कोणी उरले नाही असे मृत. बाराव्या शतकातील 'गाकी-झोशी' या चित्रमालिकेत थडग्यांवर लोक पाणी वाहत आहेत आणि पोट सुटलेली, हातापायांच्या काड्या झालेली प्रेते सांडलेले थेंब चाटत आहेत. पाणी वाहणाऱ्यांना ती दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. तिरोकुड्डातील भिंतीच्या आतले आणि बाहेरचे असे दोन्ही पक्ष चित्रकाराने एकाच चौकटीत आणले.

कंबोडियाकडे मात्र आपण अधिक लक्ष द्यायला हवे, आणि त्याचे कारण शब्दांतच आहे. 'प्चुम बेन' या सणातील 'बेन' म्हणजे पिंड, आणि 'प्चुम' म्हणजे एकत्र येणे. ज्या महिन्यात तो येतो त्याचे ख्मेर नाव 'भाद्रपद' याचेच रूप आहे. पंधरवडा कृष्णपक्षाचा, शेवट अमावास्येला. म्हणजे, अधिकमासाचा फरक सोडला, तर आपल्याकडे पितृपक्ष चालू असतो तेव्हा तिथे बौद्ध विहारांत पिंड दिले जात असतात. पहाटे, अंधार असतानाच, लोक चिकट भाताचे तिळ घातलेले गोळे घेऊन विहाराला प्रदक्षिणा घालतात आणि ते जमिनीवर टाकत जातात. प्रेतांना उजेड सोसत नाही अशी समजूत आहे. या पंधरवड्यात सुटलेले प्रेत सात विहार शोधत फिरते आणि कुठेच आपल्या माणसांचा घास मिळाला नाही तर शाप देते, असेही मानतात. दिवस उजाडला, की तेच लोक भिक्षूंना भोजन देतात, मृतांच्या नावांच्या याद्या वाचल्या जातात, पुण्य अर्पण होते. खल्लाटिय पेतीने नाकारलेला मार्ग अंधारात आणि तिने सांगितलेला मार्ग उजेडात, असे दोन्ही मार्ग एकाच समाजाने एकाच दिवसात ठेवले आहेत. काही विहारांत भात फेकण्याला आक्षेप घेतला जातो; तो वाया जातो आणि त्रिपिटकात त्याला आधार नाही, म्हणून तो थाळीत ठेवून भिक्षूंना द्यावा, असे सांगतात. कथावत्थूतला वाद असा आजही चालू आहे.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत भिक्षूंची चीवरे उतरवली गेली, विहार बंद पडले, आणि सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने आणि हत्येने मेली. त्यांतल्या बहुसंख्यांना ना अग्नी मिळाला ना नाव. त्यानंतर पुन्हा सुरू झालेल्या प्चुम बेनमध्ये 'भुकेले प्रेत' हे रूपक राहिलेच नाही. बाप खरोखर भुकेने मेला होता. जॉन हॉल्ट यांनी कंबोडियातील या विधीवर लिहिताना या पार्श्वभूमीला दिलेले महत्त्व मला योग्य वाटते. ज्याचा मृतदेह सापडला नाही, त्याला संघामार्फत पुण्य पाठवणे सैद्धांतिक दृष्ट्या पुरेसे असेल. पण अंधारात हाताने भात टाकणाऱ्या मुलीला अनुमोदनेचा सिद्धांत सांगून थांबवणे ज्याला शक्य वाटते, त्याने भूक ही गोष्ट फक्त ग्रंथात पाहिली असावी.

आता सुरुवातीच्या अलंकाराकडे परत येता येईल. तिरोकुड्डातील उपमेत दोन पदे आहेत. कंबोडियाने उपमेय शब्दशः घेतले आणि अन्न दिले. श्रीलंकेने उपमान घेतले. तिथे मृताच्या नावाने भिक्षूंना भोजन दिल्यावर आप्त एकत्र बसून भांड्यातले पाणी एका पेल्यात ओततात. पेला भरून वाहू लागतो, आणि भिक्षू नेमक्या त्याच गाथा म्हणत असतात. अलंकार कृतीत उतरतो. ज्या जागी संहितेने यंत्रणेऐवजी उपमा ठेवली, तिथे विधीने उपमाच यंत्रणा म्हणून चालवली. देशीकरणाची कल्पना मला येथे अपुरी वाटते ती यासाठी. मातीने परक्या बीजाला आपले रूप दिले असे म्हणताना आपण बीज पूर्ण होते असे मानतो. येथे त्या बीजातच एक रिकामी जागा होती आणि प्रत्येक भूमीने ती आपल्या गरजेनुसार वाचली. शिवाय थेट अन्न देण्याची रीत भारताबाहेरच शिरली असेही म्हणता येत नाही. सातव्या शतकात भारतात आलेला इत्सिंग विहारांच्या भोजनशाळेत हारितीची मूर्ती असल्याचे आणि तिला रोज अन्न दिले जात असल्याचे लिहितो. हारिती ही यक्षी, प्रेत नव्हे, हे खरे. पण अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पांचिकासह बसलेली ती आजही पाहता येते, आणि अदृश्य भुकेचा वाटा संघाच्या ताटातून काढला जाई एवढे तरी त्यावरून कळते.

मग महाराष्ट्राचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधील सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी आहे. तिचा रोख पुरोहितशाहीवर आहे आणि तो तसाच असायला हवा होता. पिंडावर ज्यांची उपजीविका, तेच इतरांच्या स्पर्शाने विटाळत होते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांतही त्यांनी बुद्धाचा मानला नाही, त्यामुळे प्रेतगतीला तिथे जागाच उरत नाही. असे असूनही आज महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबात मृत्यूनंतर जो विधी होतो, त्याचे निमंत्रणपत्रिकेवरचे नाव 'जलदान विधी आणि पुण्यानुमोदन' असे असते. घरातली माणसे एकत्र बसून भांड्यातले पाणी ओततात आणि पाली गाथा म्हटल्या जातात. त्या गाथांचे मूळ तिरोकुड्डात आहे. पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही, भिंतीबाहेर उभा असलेला भुकेलाही नाही. श्रीलंकेप्रमाणे उपमान तेवढे उरले, आणि उपमेय मात्र जाणीवपूर्वक काढून घेतले गेले. बौद्ध जगातील प्रेतदानाच्या इतिहासात हे महाराष्ट्राचे स्वतंत्र वाचन आहे, आणि त्याची नोंद त्या इतिहासाच्या ग्रंथांत जितक्या ठळकपणे व्हायला हवी तितकी झालेली नाही. ती करण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांचे होते. आपण मात्र एकतर त्या विधीला श्राद्धाचे रूपांतर म्हणून हिणवले, किंवा कंबोडियातील बौद्धांचे पिंड पाहून अवघडलो.

काही वर्षांपूर्वी तिरोकुड्डसुत्त शिकवत असताना एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर थांबून सांगितले, की वडिलांच्या जलदानात आम्ही याच गाथा म्हटल्या, पण दाराशी उभे असलेले ते लोक कोण हे आज कळले. त्याला वाईट वाटले की बरे, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, की गाथेत पाणी उताराने जाते असे आहे, मग पेला भरून सांडेपर्यंत का ओतायचा? अट्ठकथेत याचे उत्तर नाही.